मुका तंबोरा

एकदा एका लहानशा संस्थानात एक वृद्ध आचार्य राहत असत. संस्थानची कलाशाळा त्यांनी उभी केली होती, आणि आता देह थकला तरी तिचा उंबरा त्यांच्याने सोडवत नव्हता. न्याय, व्याकरण आणि संगीत या तिन्ही शास्त्रांत त्यांचा शब्द प्रमाण मानला जाई. फक्त स्वतःच्या कामाविषयी बोलायची वेळ आली, की त्यांना कोणतेच प्रमाण पुरेसे वाटत नसे.

त्या वर्षी नदीवरचा पूल पुरात वाहून गेला. नवा बांधायला खजिना अपुरा होता, आणि भर दरबारात कुणीतरी म्हणाले, "पूल नसला तर लोकांना दिसतं. गाणं नसलं तर कुणाला दिसतं?" तरुण महाराजांना हे बोलणे पटले असे नाही, पण खोडूनही काढता येईना. कलाशाळेवरच्या खर्चाची तपासणी व्हावी, आणि तो सार्थ ठरला नाही तर दसऱ्यानंतर शाळा बंद करावी, असा त्यांनी हुकूम केला. तपासनीस म्हणून रंगनाथाचे नाव निघाले. तो याच शाळेत शिकलेला, आचार्यांच्या पुढ्यात बसून वाढलेला.

बातमी आली आणि शाळेत पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले. चित्रकला शिकवणारे भाऊशास्त्री हातातला गेरू न धुताच आचार्यांकडे आले.

"आपला रंगाच येतोय हो! घरचंच कार्य म्हणायचं. आता पुरण शिजायला घाला."

"घरचा आहे, म्हणूनच भीती वाटते," आचार्य म्हणाले.

"तुम्हाला सुपारी फुटली तरी भीती वाटते," भाऊशास्त्री हसत म्हणाले आणि गेले.

आचार्य एकटेच गायनशाळेत जाऊन बसले. भिंतीलगत तंबोरे गवसण्या पांघरून उभे होते. थोरले महाराज हयात असताना ते कसलीही वर्दी न देता इथे येत; जोडे बाहेर काढीत, पोरांच्या मागे खांबाला टेकून बसत, ऐकत आणि उठून जात. कधी जाताना म्हणत, "आज पंचम गोड होता." कधी काहीच म्हणत नसत, आणि मग सगळी शाळा दुसऱ्या दिवशी पहाटेपासून रियाजाला लागे. ते गेल्यापासून त्या खांबाशी कुणी बसले नव्हते. पाहुणे येत ते उत्सवाला, मांडवात, पुढच्या गाद्यांवर.

आणि शिष्य? आचार्य आठवू लागले. एक जकातनाक्यावर, एकाचा तेलघाणा, एक वैद्याकडे औषधे कुटायला. रंगनाथाचा गळा सगळ्यांत चांगला, तो गेला दरबारच्या नोकरीत. यांतला एकही गवई झाला नाही. मग इतकी वर्षे संस्थानाने पोसले ते काय? प्रश्न विचारणारा दरबारी माणूस मूर्ख आहे असे त्यांना मनापासून वाटेना. तोच प्रश्न त्यांनी स्वतःला अनेकदा विचारला होता, आणि प्रत्येक वेळी वर्गावर जायची वेळ झाली म्हणून उत्तर टाळले होते.

ठरल्या दिवशी रंगनाथ आला. पागोटे, उपरणे, मागे एक कारकून. त्याने आचार्यांच्या पायांवर डोके ठेवले. मग तो शाळाभर हिंडला. आवारातली चिंच, चित्रशाळेतला डिंकाचा वास, आपण जिथे बसत होतो ती फरशी. प्रत्येक ठिकाणी थांबे, हसे, आणि कारकुनाला म्हणे, "लिहा, उत्तम." वर्ग चालू होते, पण तो दारातूनच हात जोडून पुढे सरके.

"साहेब, आत जाऊन बघायचं नाही?" कारकुनाने विचारले.

"अहो, हे माझं माहेर आहे. माहेरी का भांडी वाजवून बघतात?"

कारकून खोकला आणि त्याने 'उत्तम' लिहिले. आचार्य सोबत चालत होते. भाऊशास्त्री मागून डोळ्यांनी खुणावत होते, की बघा, मी म्हटले नव्हते का. आचार्यांचे पाऊल मात्र जड होत चालले होते.

शेवटी सगळे गायनशाळेत आले. "एवढं संपलं, की झालंच," रंगनाथ म्हणाला. "गुरुजी, आपण निश्चिंत असा. मी आहे तोवर शाळेच्या केसाला धक्का लागायचा नाही."

आचार्य कोपऱ्यात गेले, सगळ्यांकडे पाठ करून त्यांनी सर्वांत जुन्या तंबोऱ्याची गवसणी उतरवली, क्षणभर त्याच्याशी खाली वाकले आणि तो आणून मुकाट्याने रंगनाथाच्या हाती दिला.

भाऊशास्त्र्यांच्या भुवया वर गेल्या. या शाळेची एक रीत होती. तंबोरा एका हातून दुसऱ्या हाती जाताना देणाऱ्याने तो एकदा छेडायचा. घेणाऱ्याने ऐकायचे, मान डोलवायची, मगच हात पुढे करायचे. उतरला असेल तर देणाऱ्यानेच लावून द्यायचा. थोरल्या महाराजांनाही त्यातून सूट नव्हती. ही रीत घालून देणाऱ्या माणसानेच आज ती मोडली होती.

रंगनाथ किंचित चपापला, पण त्याने तंबोरा घेतला. भोपळ्यावरून हात फिरवला. कुठे तडा नव्हता. तारा होत्या, खुंट्या घट्ट होत्या, दांडीवरची वेलबुट्टी शाबूत होती.

"लिहा," तो कारकुनाला म्हणाला, "तंबोरा जुना, सुस्थितीत."

"झाली तपासणी?" आचार्यांनी विचारले.

"झाली, गुरुजी."

"बरं तर. ये मग."

तंबोरा भिंतीला टेकवून रंगनाथ दारापर्यंत गेला आणि थबकला. एक पाय उंबऱ्याबाहेर, एक आत.

"गुरुजी, आपण मुका तंबोरा दिलात."

"तू तो तसाच घेतलास."

रंगनाथ परतला. उपरणे बाजूला ठेवून तो खाली बसला, तंबोरा खांद्याशी घेतला आणि त्याने बोट फिरवले. ठक्क, ठक्क. तारा वाजत होत्या, पण मडक्यावर टिचकी मारावी तशा. सूर उमटे आणि तिथेच विझे.

"काय लिहू साहेब?" कारकून म्हणाला. "आवाज नाही, असं?"

रंगनाथ ऐकत नव्हता. त्याचे बोट आपोआप घोडीकडे गेले होते. ज्या रुंद पट्टीवरून तारा जातात तिथे, प्रत्येक तारेखाली, सुताचा एक बारीक दोरा असतो. तो नेमक्या जागी सरकला की तार गुंजू लागते, जवारी खुलते. तिथे एकही दोरा नव्हता.

"दोरे काढलेत कुणी?"

आचार्यांनी मूठ उघडली. रंगनाथाने एकेक दोरा उचलला आणि तारेखाली घातला. कित्येक वर्षांत त्याने तंबोऱ्याला हात लावला नव्हता, पण बोटे विसरली नव्हती. डोळे मिटून तो दोरा पुढे सरकवी, मागे घेई, पुन्हा केसभर पुढे. एकाएकी पहिली तार उलगडली. मग दुसरी. थोड्याच वेळात गायनशाळा अशी भरून गेली, की कारकुनाने लेखणी कानावर खोचली आणि तो भिंतीला टेकून बसला.

आचार्य शिष्याच्या बोटांकडे पाहत होते. जकातनाका, तेलघाणा, दरबार, सगळे त्यांना आठवले. इतकी वर्षे टाळलेले उत्तर समोर बसले होते: गवई घडले नसतील, पण कान घडले होते. मग ते बोलू लागले.

"रंगा, या वाद्यात सर्वांत स्वस्त वस्तू म्हणजे हे दोरे. ज्याला कान नाही असा तपासनीस म्हणाला असता, तारांखाली सूत कशाला, काढून टाका. त्याच्याशी मी भांडलो असतो. भय मला तुझं होतं. तुला कान आहे, तो तुला या संस्थानाने दिला, आणि तू प्रेमापोटी तो घरी ठेवून आलास. हा पैसा माझा नाही, तुझा नाही. तिकडे नदीकाठी होडीची वाट पाहत बसलेल्या लोकांचा आहे. त्यांना इथे येऊन ऐकता येत नाही, म्हणून त्यांनी तुला धाडलं. आणि खरं सांगू? शाळा अजून वाजते की नाही, हे मला एकट्याला कळेनासं झालंय. माया करून करून माझा कान जाड झालाय. तू ऐकून सांग."

रंगनाथाने कारकुनाकडून कागद मागून घेतला आणि फाडला.

त्यानंतर बरेच दिवस तो रोज येत राहिला. जोडे बाहेर काढून, पोरांच्या मागे, त्याच खांबाशी बसे. भाऊशास्त्री धुसफुसले, "घरचा म्हणून आला आणि सासूसारखा बसला!" पण गेरू कालवताना त्यांचा हात पुन्हा पूर्वीसारखा जपून चालू लागला.

शेवटच्या दिवशी रंगनाथ आचार्यांसमोर उभा राहिला.

"गुरुजी, वर्ग वाजतात. चित्रशाळा थोडी उतरली आहे, पण लागेल. उत्सव मात्र..."

वार्षिक उत्सव आचार्यांनीच सुरू केला होता. मांडव, हंड्या-झुंबरे, एके काळी थोरल्या महाराजांच्या हातून पोरांना मिळणारी शेला-पागोटी.

"उत्सव काय?"

"चार महिने पोरं त्याच दोन चिजा घोकतात, गुरुजी. पाहुण्यांसाठी. तिथे दोरा राहिलेला नाही. मी तो खर्च बंद करा म्हणून लिहितो आहे."

आचार्यांच्या डोळ्यांसमोरून झुंबरे एकेक करून विझत गेली. त्यांनी विचारले, "नीट ऐकलंस?"

"ऐकलं. पुन्हा पुन्हा ऐकलं. मनातून नको होतं, म्हणून."

"मग लिही."

दरबारात तो अहवाल वाचला गेला. ज्याने आपल्या गुरूच्या उत्सवाला 'नको' म्हटले, त्याच्या 'हवे' या शब्दावर कुणाला शंका घेता येईना. उत्सवाचा पैसा पुलाकडे वळला, आणि शाळा राहिली.

निरोप घ्यायला रंगनाथ आला, तेव्हा आचार्यांनी तो जुना तंबोरा त्याच्यापुढे धरला. "घरी ने. वापरात राहू दे."

रंगनाथाने हात पुढे केले नाहीत. तो वाट पाहत उभा राहिला.

आचार्यांच्या ते ध्यानात आले. म्हातारे बोट तारांवरून फिरले, सूर उठला, आणि दोघांनी तो शेवटपर्यंत ऐकला. मग रंगनाथाने मान डोलवली आणि तंबोरा घेतला.