मंचावरचा लॅपटॉप

"मग संध्याकाळी मंचावर बसणार कोण?" भामाताईंनी विचारलं.

"कोणीच नाही. फक्त लॅपटॉप."

ओजसचा हा पहिलाच जाहीर कार्यक्रम. दारांच्या चौकटींवर तारा ताणून, त्यांना छोटे माइक चिकटवून त्याने नाना आवाज जमवले होते. ते एकमेकांशी कसे जुळवायचे, हे त्या लॅपटॉपला शिकवलं होतं. यंत्र दर वेळी काहीतरी नवंच वाजवायचं आणि त्याचा ओजसला भारी अभिमान होता.

भामाताई त्याच्या गुरू. तरुणपणी त्यांनी सरोद बाजूला ठेवून टेपरेकॉर्डर हाती घेतला. ब्लेडने टेप कापायची, उलटी चिकटवायची आणि वाजवायची. लोक हसले. त्याही हसल्या आणि कापत राहिल्या.

"वादक दिसलाच नाही पाहिजे," ओजस म्हणाला. "तोच माझा मुद्दा आहे. मी नसलो तरी संगीत होतं."

ताई मंचासमोरच्या सतरंजीवर जाऊन बसल्या.

"पटत नाही का तुम्हाला?"

"आधी ऐकव तरी."

त्याने बटण दाबलं आणि तो लॅपटॉपपाशीच उभा राहिला.

"तिथे काय करतोयस? इकडे ये. श्रोत्यासारखा बस."

तो मंचावरून उतरून त्यांच्याशेजारी सतरंजीवर बसला. रिकाम्या हॉलमध्ये तारा घुमू लागल्या. एका जागी ताईंच्या तोंडून आपसूक "वा" निघालं आणि ओजसला आभाळ ठेंगणं झालं.

मग एक जाड स्वर आला. लांबत गेला... आणखी लांबला...

ओजस चुळबुळला. त्याचा उजवा हात मांडीवरून आपोआप वर उठला.

ताईंनी मनगट धरलं. "हात का उचललास?"

"काही नाही... मी वाजवत असतो तर तो स्वर सोडून दिला असता. आणि थोडा थांबलो असतो."

"यंत्र चुकलं?"

"नाही. बरोबर आहे ते."

"किती थांबला असतास?"

ओजसने मंचाकडे पाहिलं. समोर यंत्र आपलं वाजवत होतं. छानच वाजवत होतं.

"ते आत्ता कसं सांगू, ताई? लोक समोर असतील. ते कसे ऐकतायत, त्यावर..."

तो ताईंच्या हातातल्या आपल्या मनगटाकडे पाहू लागला.

"पण मी थांबलो," तो हळूच म्हणाला, "आणि पुढचं सुचलंच नाही तर?"

इतके दिवस मुद्द्याखाली दडवलेली भीती अशी तोंडातून निघून गेली. गंमत म्हणजे त्याला एकदम हलकं वाटलं. तो हसायलाच लागला.

ताईंनी मनगट सोडलं.

"कुर्ता आणलायस?"

"नाही. मी बसणारच नव्हतो ना."

"मग आहे तसाच मंचावर बस."