मिरी, सात शेंगा आणि पांढरा गारठा

एक होतं गाव. उंच उंच डोंगरावर. नाव त्याचं गारवाडी.

गारवाडीत थंडी फार! बर्फ येतो लवकर. जातो उशिरा. मधे उन्हाळा एवढासा, चिमूटभर.

त्या गावात राहायची एक उंदरी. अगदी इटुकली! डोळे तिचे मिरीच्या दाण्यांसारखे. काळे काळे, चकचकीत. म्हणून नाव तिचं मिरी.

मिरीच्या बिळात तीन पिल्लं. चीं चीं चीं! थंडीत खायला काय? म्हणून मिरीनं घेवडा पेरला. बर्फ वितळला, लगेच पेरला. घाई केली, फार घाई केली! कोंब आला. पान आलं. आणि एके सकाळी आला पांढरा गारठा. कोंब काळा पडला. गेला!

मिरीकडे उरला एक दाणा. एकच!

"आता थांबते," मिरी म्हणाली.

थांबली. थांबली. थांबली. गारठा गेला. पाखरं आली. मातीला पाय लावला, तर माती कोमट. मग मिरीनं दाणा पेरला. टुपुक!

वेल आला. सरसर चढला. फुलं आली. शेंगा लागल्या. किती लागल्या? एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात!

पण शेंगा अजून कोवळ्या. हिरव्या हिरव्या, मऊ मऊ. आणखी चार दिवस ऊन हवं.

आणि आज सकाळी काय झालं?

मिरी बिळातून बाहेर आली. नाक गार! मिशा गार! वेलाकडे बघते तर काय? शेंड्याचं पान काळं!

"अगं बाई! गारठा येऊन गेला!"

गारठा नुसता डोकावला होता. एक पान घेऊन गेला होता. आज पुन्हा येणार. आज अख्खा वेल नेणार!

मिरी वेलाभोवती गरगर फिरली. "वेल मोठा. मी छोटी. झाकू तरी कशानं?"

निघाली मिरी. तुरुतुरु, तुरुतुरु!

शेजारची सगुणामावशी अंगणात बसली होती. मक्याची कणसं सोलत होती.

"का गं मिरी, का धावतेस?"

"मावशी, मावशी!
वेल माझा उघडा,
गारठा येतोय पांढरा!
घोंगडी दे ना गं!"

मावशीनं आभाळाकडे बघितलं. ढग नाही. वारा नाही. पान हलत नाही.

"आज गारठा मोठा येणार बघ," मावशी म्हणाली. "घोंगडी देईन गं, देईन! पण घोंगडीला भोक पडलंय. हे एवढं, भाकरीएवढं! गारठा त्यातूनच आत शिरेल. घरातली लोकर संपली. मेंढीची लोकर आण. मग शिवते. मग देते. आणि लवकर ये हो! डोंगराची सावली वेलावर पडली, की गारठा आलाच!"

सावली कुठे होती? वर, दूर, कड्यापाशी.

धावली मिरी. तुरुतुरु, तुरुतुरु!

मेंढी उभी होती कुरणात. गुबगुबीत, मऊमऊ.

"का गं मिरी, का धावतेस?"

"मेंढीताई, मेंढीताई!
मावशी घोंगडी देईना,
वेल माझा उघडा,
गारठा येतोय पांढरा!
लोकर दे ना गं!"

"देईन गं, देईन!" मेंढी म्हणाली. "पण सकाळपासून उपाशी आहे मी. गवतावर धूळच धूळ! दातांखाली करकर, करकर. गवताला सांग, धूळ झटक. मग खाते. मग देते."

मिरीनं मागे वळून बघितलं. सावली खाली सरकली होती. अक्रोडाच्या झाडापर्यंत आली!

धावली मिरी. तुरुतुरु, तुरुतुरु!

गवत उभं होतं बांधावर. मळकट, धुळकट. शिंकत होतं. आऽक् छी!

"का गं मिरी, का धावतेस?"

"गवतदादा, गवतदादा!
मेंढी लोकर देईना,
मावशी घोंगडी देईना,
वेल माझा उघडा,
गारठा येतोय पांढरा!
धूळ झटक ना रे!"

"झटकीन गं, झटकीन!" गवत म्हणालं. "पण मला हात कुठे आहेत? ओढ्याला सांग, पाणी दे. मग भिजतो. मग झटकतो. आऽक् छी!"

मिरीनं मागे वळून बघितलं. अक्रोडाचं झाड काळोखं झालं होतं. सावली कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत आली! कोंबड्या आत शिरल्या. कुक् कुक् कुक्!

धावली मिरी. तुरुतुरु, तुरुतुरु!

ओढा होता खळग्यात. बारीक, दोरीसारखा. ठिप्... ठिप्... ठिप्...

"का गं मिरी, का धावतेस?"

"ओढेबाबा, ओढेबाबा!
गवत धूळ झटकेना,
मेंढी लोकर देईना,
मावशी घोंगडी देईना,
वेल माझा उघडा,
गारठा येतोय पांढरा!
पाणी दे ना रे!"

"देईन गं, देईन!" ओढा म्हणाला. "पण वाटेत दगड बसलाय. माझं पाणी सगळं मागेच तुंबलंय. दगडाला सांग, बाजूला सर. मग वाहतो. मग देतो."

मिरीनं मागे वळून बघितलं. सावली मावशीच्या अंगणापर्यंत आली! मिरीचे पाय गार पडले.

पण धावली मिरी. तुरुतुरु, तुरुतुरु!

दगड बसला होता ओढ्याच्या तोंडात. गोल गोल, ढब्बू ढब्बू.

"का गं मिरी, का धावतेस?"

"दगडोबा, दगडोबा!
ओढा पाणी देईना,
गवत धूळ झटकेना,
मेंढी लोकर देईना,
मावशी घोंगडी देईना,
वेल माझा उघडा,
गारठा येतोय पांढरा!
बाजूला सर ना रे!"

"सरेन गं, सरेन!" दगड म्हणाला. "पण मला पाय कुठे आहेत? रेड्याला सांग, ढकल. मग गडगडतो. मग सरतो."

मिरीनं मागे वळून बघितलं. अंगण संपलं. सावली वेलाच्या कुंपणाकडे निघाली!

धावली मिरी. तुरुतुरु, तुरुतुरु! दम लागला. शेपटी थरथरली. तरी तुरुतुरु, तुरुतुरु!

रेडा उभा होता चिखलात. केवढा मोठा! केवढी शिंगं! नाकातून वाफ. फुर्रर्र! पाय आपटतो. धप्! मान हलवतो. फट् फट्!

मिरी थबकली. रेड्याचा एक खूर मिरीहून मोठा.

"कोण आहे? का धावतेस?" रेडा ओरडला.

मिरीचा आवाज इवलासा झाला. पण ती बोलली.

"रेडेकाका, रेडेकाका!
दगड बाजूला सरेना,
ओढा पाणी देईना,
गवत धूळ झटकेना,
मेंढी लोकर देईना,
मावशी घोंगडी देईना,
वेल माझा उघडा,
गारठा येतोय पांढरा!
दगड ढकल ना रे!"

"ढकलीन गं, ढकलीन!" रेडा म्हणाला. "पण माझ्या कानात गोचीड शिरलीय. सारखी चावते. डोकं भणभणतंय नुसतं! गोचीड काढ. मग ढकलतो."

मिरीनं इकडे बघितलं. कुणी नाही. तिकडे बघितलं. कुणी नाही. आता कुणाला सांगायचं?

मागे वळून बघितलं. सावली कुंपणावर चढत होती!

"मग मीच काढते," मिरी म्हणाली.

रेड्यानं मान खाली घातली. मिरी चढली. नाकावरून, कपाळावरून, शिंगाच्या मुळाशी. कान केवढा! आत अंधार. आत गरम गरम. मिरीनं डोळे मोठे केले. आत शिरली. सरपट, सरपट.

कान हलला. फडफड, फडफड! मिरी पडता पडता वाचली. केस घट्ट धरले.

"हलू नको ना काका!"

"नाही हलत," रेडा म्हणाला. आणि श्वाससुद्धा रोखून धरला.

ती बघा गोचीड! टम्म फुगलेली. मिरीनं दातात धरली. ओढली. निघेना! पुन्हा ओढली. निघेना! पाय रोवले. डोळे मिटले. सगळा जोर लावला आणि...

टच्चक! निघाली!

"हाऽऽऽश!" रेडा म्हणाला. "शाब्बास गं पोरी! बस माझ्या पाठीवर. घट्ट धर!"

धप् धप् धप् धप्! रेडा धावला. शिंगं लावली. हुप्पा!

दगड गडगडला. गडगड, गडगड, धडाम!

ओढा सुटला. खळखळ, खळखळ!

गवत भिजलं. धूळ गेली. सळसळ, सळसळ!

मेंढी आली. गवत खाल्लं. कचर कचर, कचर कचर! मग पाठ पुढे केली. "घे गं मिरी, हवी तेवढी घे!"

मिरीनं दातांनी लोकर कातरली. कुरूम कुरूम! लोकरीचा हा एवढा गोळा! गोळा मोठा, मिरी छोटी. गोळ्याखाली मिरी दिसेना. नुसता गोळाच धावतोय. तुरुतुरु, तुरुतुरु!

"मावशी, लोकर!"

मावशीनं लोकर पिळली. धागा ओढला. सुईत ओवला. एक टाका. दोन टाके. तीन टाके.

"मावशी, लवकर! सावली वेलापाशी आली!"

"घाई करू नकोस बाळा, टाका सुटेल."

चार टाके. पाच टाके. गाठ! भोक बुजलं!

मावशी उठली. घोंगडी खांद्यावर. चार काठ्या काखेत. मावशी धावली, मिरी धावली. धबधब धबधब, तुरुतुरु तुरुतुरु!

हवा गार झाली होती. मावशीच्या तोंडातून वाफ. मिरीच्या मिशांवर दव.

मावशीनं काठ्या रोवल्या. एक, दोन, तीन, चार. "घोंगडी वेलाला टेकू द्यायची नाही," ती म्हणाली. "नाहीतर शेंगा मोडतील." मग घोंगडी पसरली. भप्प! या टोकाला माती. त्या टोकाला माती. आणि त्याही टोकाला माती.

शेवटचं टोक उरलं. मिरीनं दोन्ही हातांनी माती लोटली. दाबली. थापली. थप् थप् थप्!

आणि सावली पडली. सगळ्या गावावर पडली.

मिरी बिळात गेली. तिन्ही पिल्लांना पोटाशी घेतलं. बाहेर चिडीचूप. झोप काही येईना. मग केव्हातरी आली.

सकाळ झाली.

मिरी बाहेर आली आणि बघतच राहिली. कुंपण पांढरं. वाट पांढरी. कोंबड्यांचं खुराडं पांढरं. रेड्याच्या शिंगांवरसुद्धा पांढरं! गारठा आला होता. चांगला मोठा आला होता.

घोंगडीसुद्धा पांढरी. कडक कडक. पापडासारखी.

मावशी आली. हात चोळत चोळत. "उचलू?" म्हणाली.

मिरीनं डोळे घट्ट मिटले.

मावशीनं टोक उचललं. कट्कन बर्फ मोडला. मावशी आत वाकली. वाकूनच राहिली.

"मावशी? काय झालं मावशी?"

"डोळे उघड की!"

मिरीनं एक डोळा उघडला. मग दुसरा.

हिरवा! वेल हिरवा! पानं हिरवी! आणि शेंगा? एक, दोन, तीन, चार, पाच, सहा...

सहाच?

मिरीनं पुन्हा मोजल्या. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा... आणि ही! पानामागे लपलेली. सात!

"सात! मावशी, सात!" मिरी नाचली. थुई थुई, थुई थुई!

मग ऊन आलं. एक दिवस ऊन. दोन दिवस ऊन. तीन दिवस ऊन. चार दिवस ऊन. मावशी दिवसा घोंगडी काढायची. संध्याकाळी घालायची. शेंगा पिवळ्या झाल्या. वाळल्या. हलवल्या की वाजायच्या. खुळखुळ, खुळखुळ!

मिरीनं शेंगा तोडल्या. बिळात नेल्या. एकेक करून, ओढत ओढत. पहिली शेंग फोडली. टप्प! आत लाललाल दाणे, वर पांढरे ठिपके.

एक दाणा या पिल्लाला. एक दाणा त्या पिल्लाला. एक दाणा धाकट्या पिल्लाला. कुटुम कुटुम, कुटुम कुटुम! आणि सगळ्यात मोठा दाणा कुणाला?

मिरीला!

मिरीनं तो दोन्ही हातात धरला. वास घेतला. आणि सावकाश, अगदी सावकाश, खाल्ला.

बाहेर बर्फ पडू लागला. भुरुभुरु, भुरुभुरु.

मिरीचं जेवण झालं. आता तुमचा घास.

करा बरं... आऽऽ!