राज्यातला एकुलता एक निरोगी उंदीर

राजा रणधवलाचा खोकला हटेना, आणि काढा तयार असूनही पिता येईना! राजाचं औषध आधी उंदराला पाजायचं, तो उंदीर ठणठणीत हवा, आणि चंदनगिरीत ठणठणीत उंदीर म्हणून उरला नव्हता.

उरणार कसा? राजानं हौसेनं ‘मूषकरोग विद्वन्मंडळ’ नेमलं होतं. जो नवा रोग शोधेल त्याला शाल, वर रोगाला त्याचंच नाव. मग काय! उंदीर निजला की अध्यक्ष त्र्यंबकशास्त्र्यांचा त्र्यंबकज्वर, जागा राहिला की हरिवैद्यांचा हरिकंप. आज तर एक कानफाटका उंदीर मंडळानं पार मरणपंथाला लागलेला ठरवला.

“भिवा!” राजा मूषकशाळेच्या राखणदारावर खेकसला. “उद्या असा उंदीर आण, ज्याला सगळं मंडळ एकमुखानं निरोगी म्हणेल. नाहीतर चंबूगबाळं आवर आणि राज्याबाहेर चालता हो!”

भिवा घरी येऊन मटकन बसला. त्याची लेक येसू तशी भित्री, भांडं पडलं तरी दचकायची. पण डोकं चालू होतं.

“आबा, उंदरांना राजाच्या ताटातलंच का घालतात हो?”

“मंडळाचा नियम, पोरी. खाणं एक तर प्रकृती एक, तरच औषधाची परीक्षा खरी.”

“मग उद्या पिंजरा मी नेते!”

दरबारात चोपदार ओरडला तशी येसू पिंजऱ्यासकट उडाली. उंदीर शिंकला. त्र्यंबकशास्त्र्यांचा चेहरा उजळला.

“ही शिंक! हा तर उघड उघड त्र्यंबक—”

“जरा थांबा, शास्त्रीबुवा!” येसू पिंजरा सावरत म्हणाली. “हा महाराजांच्या ताटातलं खातो. खाणं एक तर प्रकृती एक, हा नियम तुमचाच ना? म्हणजे याला जे निघेल, ते महाराजांनाही झालंय. आता सांगा खुशाल!”

राजानं भुवई उचलली.

“—त्र्यंबकेश्वराच्या कृपेनं ठणठणीत आहे!” शास्त्रीबुवांनी वाक्य कसंबसं वळवलं.

“शिंक कसली, गर्जना ती!” हरिवैद्य म्हणाले. बाकीच्या पगड्या भराभर डोलल्या.

“झालं एकमत, महाराज!” येसू म्हणाली. “याचा फाटका कान बघा. हा कालचाच!”

राजा लालबुंद झाला. “कालचाच? मग काढा याच मुडद्याला पाजायचा होय?”

“या बिचाऱ्याला कशाला, महाराज? मंडळही रोज तुमच्याच पंगतीला जेवतं की!”

राजा हसला, खोकला, पुन्हा हसत सुटला! “वाढा रे काढा! अध्यक्षांना आधी!” शास्त्रीबुवांच्या खांद्यावरची शाल त्यानं येसूला पांघरली, आणि भिवाला मळा इनाम दिला.

शास्त्रीबुवा वाटी धरून पुटपुटले, “महाराज, मला आज जरा ताप वाटतोय...”

“वा!” राजा म्हणाला. “नाव तर तयारच आहे!”