काळ्यावर काळं

“अण्णा, अजून एक दिवा लावू का?”

“आहे का?”

“नाही. तिन्ही लावून झाले.”

“मग आता विझवायला घे.”

सुधन्वाला वाटलं, म्हातारा दमला असावा. तो स्वतः पुण्याहून फोटोग्राफीचा डिप्लोमा घेऊन आलेला. कोणालाही दोन छटा उजळ करून देतो, अशी त्याची ख्याती होती. ती त्यानेच पसरवली होती. अण्णांची अट एकच : मला हात लावावा लागणार नाही असा एक फोटो काढ, मग मुरूडच्या या स्टुडिओची किल्ली तुझी.

दोन वर्षं झाली. किल्ली अजून अण्णांच्या कमरेलाच होती.

खुर्चीत झुबेदाबाई सिद्दी बसल्या होत्या. पिढ्यांपूर्वी आफ्रिकेतून कोकणात उतरलेल्या पूर्वजांचा काळाभोर रंग त्यांनी जसाच्या तसा सांभाळला होता. नुकत्याच मुख्याध्यापिका झाल्या होत्या. शाळेच्या भिंतीवर आधीच्या अकरा जणांशेजारी त्यांचा फोटो लागायचा होता.

“तीन स्टुडिओ झाले,” त्या म्हणाल्या. “प्रत्येकाने एकेक राखाडी बाई हातात ठेवली. ती भिंतीवर लावली तर पोरं मलाच विचारतील, ही कोण?”

अण्णांनी मागचा पांढरा पडदा उतरवला आणि जुन्या कॅमेऱ्यावर पांघरायचं काळं कापड तिथे टांगलं.

“काळ्यावर काळं? दिसणार काय, अण्णा?”

“तेच बघायचंय.”

मग त्यांनी बाईंना ओला टॉवेल दिला. सुधन्वाने थापलेली पावडर निघाली. पाठोपाठ खोबरेलाची बाटली पुढे आली.

“तेल देणारा फोटोवाला पहिल्यांदाच पाहिला,” बाई कपाळाला बोट लावत म्हणाल्या. “पावडर मात्र सगळीकडे फुकट.”

अण्णांनी पश्चिमेची खिडकी अर्धी उघडली.

काय दिसतंय ते बघूच, अशा थाटात सुधन्वाने कॅमेऱ्याला डोळा लावला.

उजेड कपाळावरून घरंगळला, गालाच्या हाडावर थांबला... तिथे तांब्याची झाक होती. कानाशी गर्द जांभळी. आणि हनुवटीखाली आणखी काहीतरी, जे डिप्लोमात शिकवलं नव्हतं.

“हा कुठला रंग, अण्णा?”

अण्णा विझवलेल्या दिव्यांच्या वायरी गुंडाळू लागले.

दहा सेकंदांत गिऱ्हाईक उरकणारा सुधन्वा पाच मिनिटं झाली तरी बटण दाबेना.

“झालं का हो?” बाईंनी विचारलं.

“थांबा, बाई... जरा थांबा.”

अण्णांनी चपला घातल्या. कमरेची किल्ली सोडवून खिडकीत ठेवली.

“बघून झालं की कुलूप लाव.”