पुरचुंडीतला मसाला

"म्हणजे सगळंच सांगून टाकू त्यांना?" मालनबाईंनी तणतणत विचारलं.

बाई ज्यांना गुरू मानत ते अप्पा मठाच्या स्वयंपाकघरात घेवड्याच्या शेंगा मोडत बसले होते. त्यांनी मानही वर केली नाही.

मालनबाईंच्या काळ्या मसाल्याचं नाव पाच तालुक्यांत होतं, आणि हे त्या स्वतःच सगळ्यांना सांगत. आता एका कारखानदारानं मोठी ऑर्डर देऊ केली होती. भाजणं-दळणं त्याच्या कारखान्यात, पाकिटं भरायचं काम बाईंच्या हाताखालच्या अकरा जणींकडे. त्या अकरा जणींना बाईंनी बारमाही कामाचा शब्द देऊन ठेवला होता.

कृती लिहून देताना बाईंनी मुद्दाम एक जिन्नस गाळला. मसाला बेचव झाला. कारखानदार म्हणाला, सोमवारपर्यंत नीट कृती द्या, नाहीतर राहू द्या.

"सांगितलं तर उद्या तो स्वतःच्या नावानं विकंल. न्हाई सांगितलं तर... त्या अकरा जणींना काय तोंड दाखवू?"

"आमटी उकळली बघ," अप्पा म्हणाले. "फळीवरची पुरचुंडी घे. टाक त्यात."

बाईंनी पुरचुंडी सोडली. आत कुटलेली पूड होती. सवयीनं त्यांनी नाक लावलं. मिरी ओळखली. पुढचं काही केल्या ओळखता येईना. जरा रागातच त्यांनी ती पूड आमटीत टाकली.

घमघमाट सुटला.

"ही कोण करतं?"

"मी. माझ्या खोलीत."

"आत काय आहे ते मठाच्या आचाऱ्याला ठाऊक न्हाई?"

"न्हाई. एकोणीस वर्षं तो नुसती टाकतोय. आमटी कधी बिघडली न्हाई त्याची."

...

बाई खाली बसल्या.

"तीन जिन्नस मी घरीच भाजून, कुटून द्यायचे," त्या हळूच म्हणाल्या. "मिरची, धणे, खोबरं त्यांचं त्यांनी भाजावं..."

अप्पांनी आणखी एक शेंग मोडली.

"पण मिरची-धण्याचं प्रमाण तरी सांगावंच लागंल की! त्यासाठी कागद करायचा? कुणाला सांगणार न्हाई म्हणून सही मागायची? सासऱ्यांच्या वेळेपासनं आमच्याकडं येणं-जाणं आहे त्या कारखानदाराचं. तोंडावर अविश्वास दाखवल्यागत होतंय. मला न्हाई बाई जमायचं."

बाईंनी पळीभर आमटी हातावर घेऊन चाखली. डोळे मिटले. मग राहवेना.

"अप्पा, काय काय आहे हो त्या पुडीत? वीस वर्षं तुमच्या पायाशी येते मी. मला सांगायला काय हरकत?"

"काय बी हरकत न्हाई. सांगतो की."

अप्पांनी हात धुतले, पंच्याला पुसले. जुन्या कॅलेंडरचं एक पान फाडून पाठकोऱ्या बाजूला दोन ओळी लिहिल्या आणि पेनसकट बाईंपुढं सरकवल्या.

'आज जे ऐकेन, ते अप्पांना विचारल्याशिवाय कुणाला सांगणार नाही.' खाली सहीसाठी रेघ मारलेली होती.

बाईंनी त्या ओळी वाचल्या आणि त्यांना हसू फुटलं. कित्येक दिवसांत त्या अशा हसल्या नव्हत्या. पदर खोचून त्यांनी ठसठशीत सही केली.

अप्पांनी कागद उचलून नीट घडी घातली.

"राग आला?"