कोळशाच्या कोठडीतलं बेसिन

चाळीचे मालक भास्करराव सोवळ्याचे एवढे कडक, की नळाची तोटी धुतल्याशिवाय पाणी भरायचे नाहीत. त्यांच्या भाडेकरू इंदुमतीबाई रेगे. सासूबाईंचे गुडघे गेलेले आणि चाळीचा संडास पार खाली. म्हणून बाईंनी कोळशाच्या रिकाम्या कोठडीत संडास बांधायची परवानगी मागितली. कोठडी कसली, कपाटच ते!

"बांधा की!" मालक हसले. "पण हात धुवायचं बेसिनही आतच बसलं पाहिजे. आणि नळ एकच मिळेल."

काम झालं तेव्हा अख्खी चाळ कोठडीपुढे जमली आणि बघतच राहिली. बाईंनी फ्लशच्या टाकीचं झाकण काढून तिथेच बेसिन बसवलं होतं! फ्लश केला की वरच्या तोटीतून पाणी यायचं, त्यात हात धुवायचे, आणि तेच पाणी खाली टाकीत पुढच्या वेळेसाठी साठायचं. सासूबाईंनी तर त्या टाकीला हातच जोडले.

मालक मात्र कडाडले, "हात धुतलेलं ओवळं पाणी पुन्हा वापरायचं? माझ्या चाळीत हे चालणार नाही!"

"चुकलंच आमचं, भास्करराव," इंदुमतीबाई शांतपणे म्हणाल्या. "संडासाला सोवळ्यातलं पाणी लागतं, हे ठाऊकच नव्हतं. उद्यापासून तुमच्या देवघरातलं पाठवता का?"