देवाला बसायला जागा

फार जुनी गोष्ट. सूर्य सगळ्यांच्या आधी उगवतो म्हणतात, त्या जपान देशात डोंगराच्या पायथ्याशी कुंभारांचं एक गाव होतं. तिथे एक कुंभारीण आपल्या लेकीबरोबर आणि सासूबरोबर राहायची.

एका साली तिची लेक तापानं फणफणली. कुंभारणीनं डोंगरदेवाला हात जोडले, "माझं लेकरू उठून बसू दे. तुझ्या डोंगरावर जे जे आहे, ते सगळं एका रांजणावर रंगवीन, भाजून तुला वाहीन."

देव पावला. लेक उठली, पेज मागून प्याली.

आता नवस फेडायचा. गावाची भट्टी वर्षातून एकदाच पेटायची. ती वेळ चुकली, तर नवस चुकला.

कुंभारीण रंगवायला बसली. बांबू झाला, देवदार झाला, पाण्याच्या लाटा झाल्या, सारस झाला, चिमणी झाली. शेजारीण डोकावली. "चिमणी काढलीस, मग कावळ्यानं काय गं घोडं मारलंय?"

कावळा आला. दुसरी म्हणाली, "आणि खेकडा?" खेकडा कसाबसा लाटेखाली कोंबला. होता होता रांजण नुसता काळा दिसू लागला, आणि डोंगरावरचं निम्मंही झालं नव्हतं. उद्या भट्टी पेटणार. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

"सासूबाई, माझा शब्द खोटा पडणार."

सासू जवळ बसली. "पोरी, पाहुण्याला आसन घातलंस आणि आसनावर भांडीच रचलीस, तर तो टेकणार कुठे? आभार मानायचे की त्याच्या घरातलं सामान मोजायचं?"

रंग अजून ओला होता. सुनेनं फडक्यानं सगळा रांजण पुसला, देवाचं नाव घेतलं आणि एका अंगाला गवताचं एकच पातं काढलं, वाकलेलं. बाकी सगळं कोरं.

रांजण भट्टीतून निघाला, तेव्हा शेजारीण म्हणाली, "एवढंच? नवस मोठा आणि नैवेद्य चिमूटभर."

लेक मात्र कोऱ्या जागेकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आई, तू वारासुद्धा काढलास?"

शेजारणीनं पुन्हा पाहिलं. वारा होता. वाऱ्यामागे डोंगर होता, वर आभाळ होतं. तिनं हात जोडले.

रांजण देवळात पोचला. तेव्हापासून त्या गावात कुणी भांडं रंगवलं, की थोडी जागा कोरी ठेवतात. तिला देवाची जागा म्हणतात. त्या माउलीचा नवस जसा सुखानं फिटला, तसा लेकराबाळांच्या प्रत्येक आईचा फिटो.

बोध एवढाच: देवाचे उपकार मोजून सरत नाहीत, त्याला मनापासून वाकलेलं एक पातं पुरतं.